घरासाठी इटालियन एस्प्रेसो यंत्र : खान्देशात घेताना काय पाहावे?

खान्देशातील लग्नाच्या मांडवाला ‘एक्स्प्रेसो कॉफी’ नवी नाही. जेवणावळीच्या एका टोकाला चकाकणारे स्टीलचे यंत्र, त्याच्या नळीतून सुटणाऱ्या वाफेचा फुसकारा आणि फेसावर भुरभुरलेली चॉकलेटची पूड हे दृश्य जळगाव-धुळ्याच्या किमान दोन पिढ्यांनी पाहिलेले आहे. मात्र त्या यंत्रात कॉफी तयार होत नाही. पेल्यातील दूध, साखर आणि विरघळणारी तयार कॉफी वाफेने तापवून फेसाळविणे, इतकेच त्याचे काम. इटलीत ज्या पेयाला एस्प्रेसो म्हणतात त्यात दूध नसते आणि ते वाफेने नव्हे, तर पाण्याच्या दाबाने काढले जाते.

पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात नोकरीनिमित्त राहून आलेल्यांमुळे खऱ्या एस्प्रेसोची चव आता चहाच्या या मुलखातही पोहोचली आहे. आपल्या घरी असे यंत्र असावे, तेही इटालियन असावे, अशी इच्छा त्यातून निर्माण होते. चांगल्या यंत्रासाठी पन्नास हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत रक्कम मोजावी लागते. एवढी किंमत देताना बहुतेक ग्राहक रूप, नाव आणि खोक्यावरील आकडे पाहतात. प्रत्यक्षात या भागात यंत्राचे आयुष्य ठरते ते दोनच गोष्टींवर : त्यात कोणते पाणी जाते आणि बिघडल्यावर ते कोण उघडू शकतो. बाकी सर्व त्यानंतर येते.

वाफेकडून दाबाकडे

एस्प्रेसो यंत्राचा इतिहास इटलीच्या उत्तर भागात घडला. तुरीन शहरातील आंजेलो मोरियोंदो यांनी १८८४ मध्ये वाफ आणि पाणी यांच्या साह्याने झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानचे लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये प्रत्येक पेला स्वतंत्र काढता येईल अशी रचना केली. त्यांचे पेटंट विकत घेऊन देसिदेरियो पावोनी यांनी १९०५ मध्ये ‘ला पावोनी’ हा कारखाना सुरू केला. ही सारी यंत्रे बॉयलरमधील वाफेच्या दाबावर चालत. तो दाब जेमतेम दीड बार आणि पाणी मात्र उकळते. परिणामी कॉफी लवकर मिळे, पण ती करपट लागे.

खरे वळण आले ते आकिले गाज्जा यांच्यामुळे. त्यांनी १९३८ मध्ये पहिले पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा व स्प्रिंग यांच्या जोरावर पाणी कॉफीतून दाबून काढणारे यंत्र बाजारात आणले. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि पेल्यात प्रथमच सोनेरी-तांबूस साय दिसू लागली. इटालियन भाषेत तिला ‘क्रेमा’ म्हणतात. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीने ‘ई-६१’ हे यंत्र काढले. त्या वर्षी झालेल्या सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. त्यात दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. आजची बहुतेक घरगुती यंत्रे याच वंशातील होत. मांडवातील आपले यंत्र मात्र अद्याप वाफेच्या युगातच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या इटालियन राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने या पेयाचे मोजमापच ठरवून दिले आहे. सुमारे ७ ग्रॅम कॉफी, ८८ अंश सेल्सियसच्या आसपासचे पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद वेळ आणि पेल्यात २५ मिलिलिटर पेय. सेकंदांत आणि अंशांत थोडे मागेपुढे चालते. यंत्र चांगले की वाईट, हे त्याने हे मोजमाप रोज, न चुकता गाठले की नाही यावर ठरते.

खोक्यावरचा १५ बारचा आकडा

दुकानात किंवा संकेतस्थळावर बहुतेक यंत्रांवर ‘१५ बार’, ‘२० बार’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा आहे, कॉफीवर पडणाऱ्या दाबाचा नव्हे. कॉफीला हवे असतात ९ बार. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पंपाचा जोर कितीही असला तरी ड्रिपरजवळ साधारण एक किलोचाच दाब ठेवावा लागतो, आणि बार म्हणजे जवळजवळ तोच किलो. तेव्हा १५ पेक्षा २० बार श्रेष्ठ, हा हिशेब मनातून काढून टाकावा.

त्याहून महत्त्वाची आहे ती चाळणी. स्वस्त यंत्रांसोबत दुहेरी तळाची चाळणी मिळते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते. कॉफी कशीही दळलेली असली, शिळी असली, तरी त्या छिद्रातून जोराने बाहेर पडताना तिला फेस येतो. तो फेस क्रेमासारखा दिसतो, पण ती क्रेमा नव्हे. एकेरी तळाची चाळणी बसते का, ती सोबत मिळते का, हे विक्रेत्याला विचारावे. पोर्टाफिल्टर, म्हणजे चाळणी बसविण्याचा दांड्याचा पेला, ५८ मिलिमीटर व्यासाचा असेल तर उत्तम. हॉटेलांतील बहुतेक इटालियन यंत्रांचे माप तेच असल्याने चाळण्या आणि इतर सामान कोठूनही मागविता येते.

‘इटालियन’ या शब्दाचेही थोडे पारखून घ्यावे. नाव इटालियन असले म्हणजे यंत्र इटलीत बनले असे नाही. दे’लोंगी ही त्रेव्हिसोची कंपनी, पण तिचा एक मोठा कारखाना रोमानियात आहे. गाज्जा हे नाव २००९ मध्ये फिलिप्सच्या छत्राखाली आले होते. यात कमीपणा काही नाही, परंतु ‘मेड इन इटली’साठी जादा पैसे मोजणाऱ्याने पाठीमागची पट्टी वाचलेली बरी.

पाणी : खरा वैरी

जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, तर धुळे शहर तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव यांवर अवलंबून राहिलेले आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्त्यांत मात्र कूपनलिकेचे पाणी मिसळले जाते, आणि गावोगावच्या कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड आहे. गिझरची कॉइल पांढरी पडणे, नळाच्या तोटीवर खार साचणे, डाळ शिजायला वेळ लागणे ही त्याची घरोघरची लक्षणे. एस्प्रेसो यंत्राचा बॉयलर म्हणजे एक छोटा गिझरच. फरक इतकाच की, त्यातील पाण्याचे मार्ग एक-दोन मिलिमीटरचे असतात. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार सुटे होऊन आत चिकटतात, तापकाची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, झडपा अडकतात. इटलीत दहा-पंधरा वर्षे चालणारे यंत्र अशा पाण्यावर वर्ष-दोन वर्षांत बसते.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ही मर्यादा माणसाच्या पोटासाठी आहे, यंत्रासाठी नव्हे. यंत्राला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी मानवते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही यंत्राला घातक असू शकते.

येथे अनेकांचा गोंधळ होतो तो टीडीएस मीटरमुळे. हा मीटर पाण्यातील एकूण विरघळलेले पदार्थ सांगतो, त्यांत कठीणपणा किती हे सांगत नाही. त्यासाठी कठीणपणा मोजणाऱ्या पट्ट्या मिळतात, अथवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून घेता येतो. यंत्र मागविण्यापूर्वी हा खर्च अवश्य करावा. तो यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

मग आरओचे पाणी घालावे काय? निव्वळ आरओचे पाणी दुसऱ्या टोकाला जाते. त्यात क्षार इतके कमी राहतात की कॉफी बेचव, पातळ लागते. शिवाय मोठ्या बॉयलरच्या यंत्रांत पाण्याची पातळी ओळखणारी सळई असते. ती पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावर काम करते. क्षारच नसतील तर तिला पाणी ‘दिसत’ नाही आणि पंप चालूच राहतो. फार शुद्ध पाणी धातूलाही खाते. साधा उपाय असा की, आरओच्या पाण्यात गाळलेले नळाचे पाणी थोडे मिसळावे आणि पट्टीने मोजून प्रमाण ठरवावे. एकदा प्रमाण बसले की ते लिहून ठेवावे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलतो, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी पुन्हा मोजावे.

क्षार काढण्यासाठी यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेले द्रावण वापरावे. ते बहुधा सायट्रिक अथवा लॅक्टिक आम्लावर आधारलेले असते. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातील बागायतदार ठिबकच्या नळ्यांना आम्ल प्रक्रिया करतात, तेच तत्त्व येथे आहे. पण आम्ल ते नव्हे. ठिबकसाठी वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल यंत्रात चुकूनही घालू नये. ते पितळ, ॲल्युमिनियम आणि पोलादही खाते, आणि पुढचा पेला पिणाऱ्याला अपाय होऊ शकतो. व्हिनेगरही टाळावे, त्याचा वास रबरी भागांत राहतो. महिन्याला क्षार काढावे लागत असतील तर दोष पाण्याचा आहे, यंत्राचा नाही. तेव्हा आधी पाणी सुधारावे.

कोणत्या घराला कोणते यंत्र

निवडीचा पहिला प्रश्न पेल्यांचा आहे. रोज सकाळी दोघांनी दोन पेले घ्यायचे असतील तर एका बॉयलरचे यंत्र पुरते. या वर्गात दोन नावे वर्षानुवर्षे टिकून आहेत. गाज्जा क्लासिक १९९१ पासून आणि रान्चिलियो सिल्व्हिया १९९७ पासून. दोन्हींचा पोर्टाफिल्टर ५८ मिलिमीटरचा, दोन्हींची रचना साधी. सिल्व्हियाचा बॉयलर पितळी आहे. क्लासिकचा बराच काळ ॲल्युमिनियमचा होता, २०२४ च्या आवृत्तीत तो पितळी झाला. जड पाण्याच्या प्रदेशात पितळेला झुकते माप द्यावे. ही यंत्रे अर्धा तास नसली तरी पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावी लागतात. दिवा लागला म्हणजे यंत्र तयार झाले, असे नव्हे.

एका बॉयलरची मर्यादा पाहुणे आले की कळते. कॉफी काढण्याचे तापमान वेगळे, दूध फेसाळविणाऱ्या वाफेचे वेगळे. त्यामुळे प्रत्येक वेळी बॉयलर तापविणे आणि पुन्हा निवविणे भाग पडते. सहा पेले दुधाची कॉफी करायला यजमान अर्धा तास स्वयंपाकघरात आणि पाहुणे ओसरीवर, असा प्रसंग ओढवतो. ज्या घरात माणसांचा राबता आहे त्यांनी हीट एक्स्चेंजरचे किंवा दोन बॉयलरचे यंत्र पाहावे. हीट एक्स्चेंजरमध्ये वाफेच्या बॉयलरमधूनच एक नळी जाते आणि कॉफीचे ताजे पाणी त्या नळीत तापते. त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी होतात. बेझेरा, रॉकेट, लेलित या कंपन्या अशी घरगुती यंत्रे करतात, त्यांपैकी अनेकांत ई-६१ चीच मूळ रचना असते. ही यंत्रे वजनदार, महाग आणि तापायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेणारी. दीड लाखाच्या पुढे जाण्याची तयारी आणि ओट्यावर जागा, दोन्ही हवे.

बटण दाबले की दळण्यापासून पेल्यापर्यंत सारे आपोआप करणारी यंत्रे मोहात पाडतात. घरात कोणालाच हात माखायचे नसतील तर ती सोयीची आहेत. परंतु त्यांच्या पोटात मोटार, दातेरी चाके, प्लास्टिकचे सांधे आणि सर्किट यांची दाटी असते. काही अडले तर ते उघडणारा माणूस जिल्ह्यात सापडणे कठीण, आणि यंत्र मूळ खोक्यात भरून मोठ्या शहराकडे धाडावे लागते. याउलट साध्या यंत्रात काय असते? एक बॉयलर, एक तापक, दोन-तीन थर्मोस्टॅट, एक झडप आणि एक कंप पावणारा पंप. गिझर आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या, हात चांगला असलेल्या कारागिराला यातले काहीच परके नाही. सेवा केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या ग्राहकाने म्हणूनच साधे यंत्र घ्यावे.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांच्यासाठी इटलीनेच १९३३ मध्ये एक उत्तर दिले आहे. बियालेत्तीचे ‘मोका’ भांडे गॅसवर ठेवता येते, त्यात बिघडण्यासारखे रबरी चकतीखेरीज काही नाही, आणि किंमत यंत्राच्या एका अंशाएवढी. त्यातील दाब एक-दीड बारचाच, त्यामुळे क्रेमा येत नाही. कॉफी मात्र दाट आणि दमदार होते. दुधाची कॉफी पिणाऱ्या अनेक घरांचे समाधान तेवढ्यावर होण्याजोगे आहे.

आधी जाते, मग यंत्र

खान्देशी काळा मसाला डंकावर कुटलेला आणि मिक्सरमध्ये फिरविलेला यांतील फरक येथील गृहिणींना सांगायला नको. कॉफीच्या बाबतीत हाच फरक दसपटीने जाणवतो. पात्याच्या ग्राइंडरमध्ये काही कण पीठ होतात, काही जाडेभरडे राहतात. ९ बारचे पाणी त्या जाड कणांतून वाट काढते आणि उरलेली कॉफी तशीच राहते. पेल्यात आंबट, पाणचट रस येतो आणि दोष यंत्राला दिला जातो. हवा तो बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांचे छोटे जातेच. त्याच्या चकत्यांतील अंतर अगदी बारीक फरकाने कमी-जास्त करता आले पाहिजे, कारण २५ सेकंदांचे गणित तेथेच जुळते. ठरविलेल्या रकमेतील निदान तिसरा हिस्सा ग्राइंडरसाठी राखून ठेवावा. महाग यंत्र आणि स्वस्त ग्राइंडर यांपेक्षा साधे यंत्र आणि उत्तम ग्राइंडर ही जोडी केव्हाही सरस.

बिया भारतीयच घ्याव्यात. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक इटलीच आहे. कर्नाटकातील रोबस्टा आणि ‘मान्सून्ड मलबार’ या बिया इटालियन मिश्रणांत दाटपणा आणि क्रेमा यांसाठी वापरल्या जातात. त्याच बिया भाजून इटलीहून परत मागविण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात विदर्भातील चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी. भाजल्यानंतर आठवडाभराने ते महिना-दीड महिन्यापर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे झुकत असताना एकदम दोन-दोन किलो मागवून ठेवू नयेत, पाव किलोची पाकिटे मागवावीत. फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड या यंत्रात घालू नये. चिकोरी ओली होताच फुगून चाळणी तुंबविते. चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते.

दुधाचेही एक आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो. त्याची कॉफी मऊ लागते, परंतु फेस मुख्यतः प्रथिनांमुळे धरतो आणि सायीच्या दुधात तो लवकर बसतो. शिकताना पिशवीतील कमी स्निग्धांशाचे, फ्रीजमधले थंड दूध घ्यावे. भांड्याला हात लावता येईनासा झाला, म्हणजे साधारण ६० ते ६५ अंश झाले, की वाफ बंद करावी. दूध उतू येईपर्यंत उकळण्याची आपली सवय येथे सोडावी लागते.

वीज आणि परदेशातून आलेली भेट

बहुतेक घरगुती यंत्रे १००० ते १५०० वॅट वीज घेतात. त्यांना १६ अँपिअरचा, चांगल्या अर्थिंगचा स्वतंत्र सॉकेट हवा. मिक्सरच्या सॉकेटवर बहुमुखी प्लग लावून यंत्र चालवू नये. घरगुती इन्व्हर्टरवर ते चालविण्याचा प्रयत्नही करू नये. साध्या थर्मोस्टॅटचे यंत्र दाबातील चढउतार निमूट सोसते. अंकदर्शक तापमान-नियंत्रक असलेल्या यंत्राचे सर्किट मात्र वीज जाऊन एकदम आल्यावर दगावते. ग्रामीण भागात त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर आवश्यक समजावा आणि वीज जाताच बटण बंद करण्याची सवय ठेवावी.

अमेरिकेतील मुलाने किंवा जावयाने यंत्र पाठवायचे ठरविले, तर त्यांना आधीच थांबवावे. तेथील वीज सुमारे १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवितो, हर्ट्झ बदलत नाही. कंप पावणारा पंप हर्ट्झच्या तालावर चालतो, त्यामुळे तो मंदावतो. युरोपातील अथवा आखातातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे यंत्र येथे विनासायास चालते, फक्त प्लग बदलावा लागतो. मात्र बाहेरून आणलेल्या यंत्राची हमी येथे लागू होईल असे गृहीत धरू नये. जकात किती भरावी लागेल हेही आधीच विचारून घ्यावे. वीस किलोचे यंत्र सामानात लपत नाही.

भारतातील विक्रेत्याकडून घेताना तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. हमीच्या काळात यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा? जड पाण्यामुळे झालेला बिघाड हमीत बसतो काय? (बहुधा बसत नाही.) आणि सुटे भाग भारतात साठ्यात आहेत की प्रत्येक वेळी मागवावे लागतील? तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळाले तर दुसरा विक्रेता पाहावा.

यंत्रासोबतच काही वस्तू मागवून ठेवाव्यात. पोर्टाफिल्टर जेथे घट्ट बसतो तेथील रबरी वायसर, तो साधारण वर्षाने कडक होऊन गळू लागतो. पाणी शिंपडणारी जाळी. एक जादा थर्मोस्टॅट. आणि यंत्राच्या व्होल्टला जुळणारा एक पंप. अनेक इटालियन यंत्रांत उल्का या इटालियन बनावटीचाच पंप असतो. तो स्वतंत्र मिळतो आणि यंत्राच्या मानाने अगदी स्वस्त असतो. हे चार भाग एका डब्यात घालून यंत्राच्या पुस्तिकेसह ठेवले, तर ऐन दिवाळीत यंत्र बंद पडले तरी कारागिराला फक्त पाना आणि पेचकस घेऊन यावे लागते.